सही होते, जामीन कोणी राहत नाही

आपण विचारले आहे की, इस्रायली आणि पॅलेस्टिनी यांच्यात शांतता व्हावी म्हणून जगातील इतके देश इतकी वर्षे पाठिंबा देत असताना त्याचा प्रत्यक्ष उपयोग कधी झाला आहे का. माझ्या मते उपयोग निश्चित झाला आहे, पण बहुतेक वेळा तो सही होईपर्यंतच टिकला. सहीनंतर कराराला जामीन राहण्याची वेळ आली, तेव्हा पाठिंबा देणारे एकेक पाऊल मागे सरकले.

नॉर्वेची शिष्टाई हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. १९९१ च्या माद्रिद परिषदेनंतर वॉशिंग्टनमध्ये सुरू झालेली अधिकृत बोलणी अडून पडली होती. इस्रायली नागरिकाने पीएलओशी, म्हणजे अराफत यांच्या पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेशी, संपर्क ठेवणे हा गुन्हा ठरवणारा कायदा जानेवारी १९९३ मध्ये रद्द झाला आणि त्याच महिन्यात नॉर्वेतील सार्प्सबोर्ग गावातील एका जुन्या वाड्यात याइर हिर्शफेल्ड आणि रॉन पुंडाक हे दोन इस्रायली अभ्यासक पीएलओचे अहमद कुरेई, म्हणजेच अबू अला, यांच्यासमोर बसले. तेर्ये रॉड-लार्सेन आणि मोना यूल हे नॉर्वेजियन दांपत्य या भेटीची व्यवस्था पाहत होते. त्यांनी स्वतः चर्चेच्या खोलीबाहेर राहायचे ठरवले. मात्र दोन्ही बाजूंनी एकाच छपराखाली उतरावे आणि एकाच टेबलावर जेवावे, याची काळजी घेतली. ऑगस्टमध्ये काही मुद्दे अडले, तेव्हा नॉर्वेचे परराष्ट्रमंत्री होल्स्ट स्टॉकहोमहून पहाटेपर्यंत पीएलओचे मुख्यालय असलेल्या ट्युनिसला फोन करत राहिले. इस्रायलचे परराष्ट्रमंत्री पेरेस त्या रात्री स्टॉकहोममध्येच मुक्कामाला होते. एका बाजूचा शब्द दुसऱ्या बाजूपर्यंत पोहोचवण्याचे काम होल्स्ट करत होते.

९ सप्टेंबर १९९३ च्या पत्रव्यवहारातील एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. पीएलओचे प्रमुख अराफत यांनी इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांना लिहिलेल्या पत्रात इस्रायलचा शांततेत आणि सुरक्षितपणे नांदण्याचा हक्क मान्य केला; पण वेस्ट बँक आणि गाझामधील जनतेला हिंसा सोडण्याचे आवाहन करण्याचे आश्वासन त्यांनी होल्स्ट यांना उद्देशून लिहिलेल्या वेगळ्या पत्रात दिले. जी गोष्ट प्रतिपक्षाला थेट लिहून देणे अवघड होते, ती तिऱ्हाइताच्या हाती देता आली. तिसऱ्या देशाच्या मुत्सद्देगिरीचे खरे मोल यात आहे, आणि म्हणून तिला निरर्थक म्हणणे मला पटत नाही.

पण चारच दिवसांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर जो ओस्लो करार झाला, त्याचे पंधरावे कलम वाचावे. वाद झाल्यास आधी संयुक्त समितीत बोलावे, मग समेटाचा प्रयत्न करावा, आणि लवादाकडे जायचे तर दोन्ही बाजूंच्या संमतीनेच जावे, असे त्यात म्हटले आहे. अर्थात एका बाजूने नकार दिला की विषय तिथेच थांबतो. जेरुसलेम, निर्वासित, पॅलेस्टिनी भागातील इस्रायली वसाहती आणि सीमा हे सर्वांत कठीण प्रश्न पुढच्या वाटाघाटींवर सोडले होते. पाच वर्षांचा अंतरिम काळ सरत असताना वसाहती वाढत गेल्या आणि बसमध्ये बॉम्बस्फोट होत राहिले. हा करारभंग आहे, असे अधिकाराने सांगणारा पंच मात्र कोणीच नव्हता.

वेस्ट बँकेतील हेब्रॉन शहरात तर हे उघड्या डोळ्यांनी दिसले. फेब्रुवारी १९९४ मध्ये तेथील मशिदीत एका वसाहतवाल्याने नमाज पढणाऱ्या २९ जणांना ठार मारले. त्यानंतर नॉर्वेच्या नेतृत्वाखाली निरीक्षकांचे पथक आले. हे निरीक्षक निःशस्त्र होते, त्यांना हस्तक्षेप करता येत नव्हता आणि त्यांचे अहवाल जाहीर केले जात नव्हते. २०१९ च्या सुरुवातीस इस्रायलने त्यांची मुदत वाढवण्यास नकार दिला आणि पथक परत गेले. ज्या लोकांनी त्यांच्या उपस्थितीवर थोडाफार भरवसा ठेवला होता, त्यांचे काय, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

याउलट १९७९ चा इजिप्त-इस्रायल तह पाहावा. त्यात इजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पातून इस्रायलने घ्यायच्या माघारीचे टप्पे ठरलेले होते, अमेरिकेने आपले वजन त्यामागे उभे केले होते आणि १९८२ पासून सिनाईमध्ये बहुराष्ट्रीय दल देखरेख करत आहे. दोन्ही देशांत अनेक कटू प्रसंग येऊनही तो तह टिकला आहे. सिनाईचा प्रश्न तुलनेने सोपा होता, हे मान्य. तिथे जेरुसलेम नव्हते. तरीही देखरेखीमुळे पडणारा फरक नाकारता येत नाही.

म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत द्विराष्ट्र तोडग्याच्या, म्हणजे इस्रायल आणि पॅलेस्टाइन अशी दोन स्वतंत्र राष्ट्रे शेजारी नांदावीत म्हणणाऱ्या, न्यूयॉर्क जाहीरनाम्याला भारतासह १४२ देशांनी मत दिले, तेव्हा माझे लक्ष त्या आकड्यापेक्षा त्यातील आंतरराष्ट्रीय स्थैर्यदलाच्या तरतुदीकडे गेले. नोव्हेंबरमध्ये सुरक्षा परिषदेने अशा दलाला मान्यता दिली, परंतु ती गाझापुरतीच आहे. वेस्ट बँकेतील टेकड्यांवर उभ्या राहणाऱ्या वसाहतींवर देखरेख करण्याचा अधिकार या दलाला नाही.