डिझेल एसयूव्ही लिटरला ११ किलोमीटरच देते. चिप, रुंद टायर, इनटेक यांपैकी काय केलं तर १५ देईल?

यांपैकी काहीच करू नका. चिपवर तर एक रुपयाही घालू नका.

तुम्ही लिहिलंय की गाडी २०१७ ची आहे, मॅन्युअल आहे, लातूर-संभाजीनगर महिन्याला तीन-चार चकरा होतात, टपावर कॅरियर आहे आणि मेकॅनिकनं चिपचे २२ हजार सांगितलेत. आणि शेवटी सहज लिहून गेलात, "उताराला न्यूट्रल करतोच, तरी फरक नाही." त्या एका ओळीसाठी मी लिहायला बसलोय. तुमच्या रस्त्यात मांजरसुंब्याचा घाट आहे. लातूरहून बीडकडं येताना तो उतरावा लागतो, आणि तिथं तुम्ही न्यूट्रल करत असाल तर ॲव्हरेजचं नंतर बघू, आधी हे वाचा.

मे २०१९. दाजींच्या पुतणीचं लग्न चाळीसगावला होतं. आम्ही बीडहून पहाटे निघालो. गाडी दाजींची, तुमच्यासारखीच, सात सीटर, डिझेल. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर उत्तर राहतं बाजूला आणि लोक कंपनीवरून भांडत बसतात. आत आम्ही मोठी सहा माणसं, पोरं तीन, टपावर बॅगा, आणि अक्काच्या मांडीवर रुखवतातल्या करंज्यांचा डबा. गाडीचं आणि माणसांचं मिळून अडीच टनांच्या आसपास वजन झालं असेल.

कन्नड मागं पडलं आणि औट्रम घाट लागला. पहिल्याच उताराला दाजींनी गिअर काढला. पाय ब्रेकवर ठेवला आणि गाडी सोडून दिली. मी शेजारी बसलो होतो. म्हटलं, "दाजी, गिअरात ऱ्हाऊ द्या."

"पाव्हणं, गाडी आपोआप पळायलीय. कशाला फुकट डिझेल जाळायचं?"

दाजी माणूस, वयानं मोठा, त्यात गाडीभर सोयरेधायरे. दुसऱ्यांदा सांगायला जीभ उचलली नाही. तेव्हा गप्प बसलो ते मला आजही खुपतं.

चार-पाच वळणं झाली असतील, वास यायला लागला. क्लच जळतो तसा नाही, त्याहून तिखट, तव्यावर रबर पडल्यासारखा. मागून भाचा म्हणाला, "मामा, काहीतरी जळायलंय." पुढं कांद्याचा ट्रक रांगत चालला होता. दाजींनी ब्रेक दाबला आणि पेडल नुसतं आत गेलं. निम्म्यापर्यंत काहीच लागेना, सगळं पोकळ. त्यांनी पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. ट्रकचा मागचा फाळका जवळ येत होता, त्याला लोंबणारी साखळी मला दिसत होती, कडी वाकडी होती तिची. मी ओरडलो, "तिसरा टाका!" दाजींनी कसाबसा तिसरा रेटला. गाडीला हिसका बसला, इंजिन ओरडलं, मग दुसरा पडला. हँडब्रेक मी हळूहळू वर घेतला. कडेला जरा रुंद जागा होती तिथं गाडी लागली.

उतरून आधी चाकांना दगड लावले. पुढच्या दोन्ही चाकांतून निळसर धूर येत होता. एक पोरगा बाटलीतलं पाणी चाकावर ओतायला निघाला, त्याचा हात धरला. लालबुंद तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकते, तडकतेसुद्धा. पाऊण तास बसून राहिलो. अक्का गाडीतून उतरली नाही. डबा तसाच मांडीवर, झाकणावर दोन्ही हात. चाळीसगाव येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

आणि मांडवात दाजी सगळ्यांना काय सांगत होते? "मेकॅनिकनं ब्रेक नीट केले नव्हते."

ब्रेक नीटच होते. पण एवढं वजन घाटभर एकट्या ब्रेकनं धरलं तर ती सगळी ताकद उष्णता होऊन डिस्कमध्येच जाणार, दुसरीकडं कुठं जाणार? ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. जितकं जुनं, तितकं ते कमी तापमानाला उकळतं. उकळलं की आत वाफेचे बुडबुडे होतात, पेडल दाबलं की ते बुडबुडेच दबतात, आणि पायाखाली पोकळ लागतं. दाजींच्या गाडीचं ऑइल गाडी घेतल्यापासून बदललेलंच नव्हतं. ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं.

हे सगळं कशासाठी? डिझेल वाचवण्यासाठी. आणि वाचतं का? नाही. गाडी गिअरमध्ये असेल, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढलेला असेल, क्लच सोडलेला असेल आणि इंजिनाचे फेरे आयडलपेक्षा, म्हणजे उभ्या गाडीत असतात त्यापेक्षा, बऱ्यापैकी वर असतील, तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, डिझेल आत सोडणारे इंजेक्टर बंदच करून टाकतो. इंजिनाला चाकं फिरवतात. डिझेल शून्य. तुम्ही न्यूट्रल केलंत की चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटला. आता इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला डिझेल द्यावंच लागतं. माझ्या गाडीला उभ्या जागी तासाला पाऊण लिटरच्या आसपास लागतं. वीस मिनिटांचा घाट धरा, पाव लिटर गेलं. गिअरमध्ये उतरला असतात तर ते टाकीत राहिलं असतं आणि ब्रेकही गार राहिले असते.

दाजींचं म्हणणं, आमचा जन्म गेला गाडी चालवण्यात. खरं आहे, आणि कार्ब्युरेटरच्या पेट्रोल जीपवर ते शिकले तेव्हा त्यांचं बरोबरही होतं. त्या गाड्यांना पाय काढला तरी पेट्रोल ओढलं जायचं. पण आताची गाडी ती नव्हे. पुढच्या वर्षी मी ओबीडीचा डोंगल, म्हणजे ईसीयूमधले आकडे फोनवर दाखवणारा जोड, आणला, डॅशबोर्डखालच्या सॉकेटमध्ये लावला, आणि मांजरसुंब्याचा घाट उतरताना फोन दाजींच्या हातात दिला. तिसऱ्या गिअरमध्ये आकडा शून्य. न्यूट्रल केलं, तासाला ०.७ लिटर. पुन्हा गिअर, पुन्हा शून्य. तीनदा दाखवलं. त्यांनी फोन परत दिला आणि म्हणाले, "मोबाइलचं काय खरं धरायचं." पाली गाव आलं तरी आमचं तेच चाललं होतं.

आता तुमची चिप, कारण तीही दाजींनी बसवली. १८ हजार दिले. इंजेक्टरला डिझेल देणाऱ्या नळीतला दाब मोजणाऱ्या सेन्सरला, म्हणजे रेल प्रेशर सेन्सरला, मधेच जोडायचा डबा असतो तो. तो ईसीयूला खोटं सांगतो की दाब कमी आहे. मग ईसीयू दाब वाढवतो, आणि इंजेक्टर तेवढाच वेळ उघडला तरी डिझेल जास्त जातं. गाडी पळायला लागते, ते खरंय. पण ईसीयूच्या हिशोबात जुनंच डिझेल गेलेलं असतं, आणि स्क्रीनवरचं ॲव्हरेज त्याच हिशोबातून निघतं. दाजींच्या स्क्रीनवर १५.१ यायचं. फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. मी म्हटलं, टाकी फुल करून मोजू. बीडमध्ये एकच पंप, एकच नोझल, ऑटो कट झाला की थांबायचं, एक थेंब वर नाही. तीन टाक्या मोजल्या: ११.४, ११.७, ११.२. चिपच्या आधी ११.८ होतं, माझ्याच डायरीत लिहिलेलं. तो फोटो ग्रुपवर अजून आहे, डायरीचा फोटो टाकला तर त्यावर कुणी काही बोललं नाही.

डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, माणूस बसवून केलेला रीमॅप, म्हणजे ईसीयूचा प्रोग्रॅमच बदलणं, वेगळा आणि हा डबा वेगळा, एवढं कबूल करतो. पण रीमॅपही लोक ताकदीसाठीच करतात, आणि वाढलेली ताकद वापरायचा मोह कुणाला आवरतो?

रुंद टायरचं तर गणित करून बघा. तुमचे २३५/६५ आर १७ असतील आणि तुम्ही २६५/६५ आर १७ चढवलेत, तर चाकाचा व्यास ७३७ मिलिमीटरवरून ७७६ होतो, म्हणजे पाच टक्के मोठा. मीटरवर १०० किलोमीटर दिसतील तेव्हा गाडी १०५ चाललेली असेल. ॲव्हरेज पडल्यासारखं दिसेल, त्यातला हा पाच टक्क्यांचा भाग नुसता मीटरचा, आणि उरलेलं खरोखर पडलेलं, कारण चाक जड झालं, रस्त्याला घासणंही वाढलं. इनटेक, म्हणजे कंपनीच्या फिल्टरऐवजी बसवायचा उघडा एअर फिल्टर, तर आपल्याकडं नकोच. कापूस वेचणीच्या दिवसांत शिवारातली धूळ बघितलीय ना? कंपनीचा कागदी फिल्टर जेवढी धूळ अडवतो तेवढी ते उघडे फिल्टर अडवतील याचा काय भरोसा, आणि आत गेलेली धूळ टर्बोचं पातं खाते. कंपनीचाच फिल्टर घ्या, पण आपल्या भागात सांगितलेल्या किलोमीटरच्या आधीच बदला.

तुमची गाडी ११ का देते ते शोधा. माझी २०२१ च्या पावसाळ्यानंतर १३ वरून ११ वर आली होती. फिल्टर बदलला, इंजेक्टर तपासले, काही नाही. एकदा गेवराईहून घरी येऊन उतरलो आणि सहज चारही चाकांजवळ तळहात नेला. तीन कोमट. डावं पुढचं असं तापलेलं की बोट टेकवेना. ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना गंजून जाम झाल्या होत्या, पॅड डिस्कला चिकटून चालत होते, म्हणजे महिनोन्‌महिने मी ब्रेक दाबूनच गाडी चालवत होतो. पिना घासून ग्रीस लावायला ६०० रुपये लागले. गाडी पुन्हा १३ वर. तुम्हीही पुढच्या चकरेनंतर, शेवटचे दोन-तीन किलोमीटर ब्रेक फार न वापरता आलात की, चाकांना हात लावून बघा. हात जपून.

कॅरियर आजच काढा. रिकामा असला तरी वारा अडवतोच. टायरची हवा गाडी गार असताना भरा, आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर आहे, पंपवाला म्हणेल तो नाही.

आणि वेग. आपली गाडी समोरून कपाटासारखी असते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो: ८० चे १२० केलेत की तो सव्वादोन पट. मी जालन्याहून समृद्धीवर १२० नं गेलो की १०.५ मिळतात, ८५-९० वर धरलं की १४. तीच गाडी, तोच रस्ता. लोक म्हणतात, समृद्धीवर गिअर बदलावा लागत नाही म्हणून ॲव्हरेज वाढतं. वाढतं, पण पाय आवरला तर. तुमच्या लातूर-बीड रस्त्यावर १०० च्या ऐवजी ८० धरलंत तर बीडपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं जास्त जातील फार तर. गावात मात्र उभ्या गाडीत एसी लावून बसू नका, तिथं ॲव्हरेज शून्य असतं.

राहिलेलं सांगतो. लांबलचक, अगदी सौम्य उतार असेल तर न्यूट्रलमध्ये गाडी जास्त लांब घरंगळते आणि थोडं डिझेल वाचूही शकतं, हे मी नाकारत नाही. दाजींना हे वाक्य सापडलं की ते एवढंच वाचून दाखवतील. पण घाटाला ते लागू नाही आणि अशा उतारांवरही मी करत नाही. शिवाय चिप-टायरसारख्या बदलांचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत फेरबदल चालत नाहीत, सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्येही तेच सांगितलंय. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी आधी हेच बघते. आणि माझे आकडे माझ्या गाडीचे आहेत, तुमच्या गाडीला थोडे वेगळे येतील. १५ येतील असं मी म्हणत नाही. १३ आले तर समाधान माना.

दाजी हे वाचतील, अक्का वाचून दाखवेलच. दाजी, मे मध्ये पुन्हा चाळीसगावला जायचंय, घाट तोच आहे. ब्रेक ऑइल २०२३ ला बदललं होतं, माझ्या डायरीत तारीख आहे. या रविवारी गाडी घेऊन या, मी नवा डबा आणून ठेवतो.