उपराष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरलेला कुणी पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला का?

झाला, पण पक्षाच्या अधिवेशनाने उभे केलेल्यांपैकी पुढे स्वतः निवडून आलेला एकच: फ्रँकलिन रूझवेल्ट. १९२० मध्ये जेम्स कॉक्स यांच्या जोडीला ते उभे होते. ४०४ विरुद्ध १२७ इलेक्टोरल मते (राज्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींची, निकाल ठरवणारी मते), म्हणजे सपाटून आपटले. पुढच्याच वर्षी पोलिओ. तरी १९२८ ला न्यूयॉर्कचे गव्हर्नर, १९३२ ला ४७२ इलेक्टोरल मते मिळवून राष्ट्राध्यक्ष.

जॉन टायलर १८३६ ला हरले, १८४० ला उपराष्ट्राध्यक्ष झाले. राष्ट्राध्यक्ष हॅरिसन महिन्याभरात वारल्याने खुर्ची मिळाली. ती काही जिंकलेली नव्हे.

बाकी बहुतेकांची गाडी तिथेच अडते. बॉब डोल १९७६ ला हरले, १९९६ ला राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले, पुन्हा हरले. जो लीबरमन मात्र हुशार: २००० मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभे असताना सिनेटचा अर्जही ठेवला आणि ती जागा राखली.