पहाटेचे तेल, मध आणि काढा

प्रश्न : मी ५२ वर्षांची शिक्षिका आहे. चार वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू आहे. गेल्या पावसाळ्यापासून व्हिडिओ पाहून दिनचर्या सुरू केली. पहाटे चारला उठते, कढत पाण्यात मध-लिंबू घेते, वीस मिनिटे तिळाच्या तेलाच्या गुळण्या करते, सर्वांगाला तेल लावून डोक्यावरून कढत पाणी घेते आणि वर गुळवेलीच्या तयार भुकटीचा काढा पिते. झोपायला साडेअकरा होतात. दिवसभर पेंग येते आणि केसही गळू लागले आहेत. काय ठेवावे, काय सोडावे?
— एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : सर्वप्रथम काढा थांबवा. तयार भुकट्यांत गुळवेलीबरोबर पुष्कळदा ज्येष्ठमधही असते आणि ते नियमित घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो, म्हणजे एका हाताने गोळी घ्यायची आणि दुसऱ्या हाताने तिचा परिणाम पुसायचा, असे होते. गुळवेलीबाबतही, ती दीर्घकाळ घेणाऱ्या काही रुग्णांना यकृताचा त्रास झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले होते. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला, तरी रोज औषध घेण्याला दिनचर्या म्हणता येत नाही, एवढे तरी त्या वादातून ध्यानात घ्यावे. रक्तदाबाची गोळी मात्र स्वतःहून कमी करू नका.

आता पहाटेविषयी. ‘ब्राह्ममुहूर्ती उठावे’ हे आयुर्वेदाचार्य वाग्भटाचे वचन सर्वांना पाठ असते, परंतु ते ‘स्वस्थ’ म्हणजे निरोगी माणसाला उद्देशून आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. ‘अष्टांगसंग्रह’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात तर रात्रीचे अन्न पचले की नाही याचा विचार करीत उठावे, अशी पुस्तीही जोडलेली आहे. साडेअकराला निजून चारला उठणारी व्यक्ती शास्त्र पाळत नसून साडेचार तासांच्या झोपेवर शाळा चालवत असते. तेव्हा झोपण्याची वेळ आधी अलीकडे आणा. तोपर्यंत सहाला उठलात तरी चालेल.

केसांच्या तक्रारीचा एक धागा कदाचित तुमच्या अंघोळीतच सापडेल. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’नुसार कमरेखाली ऊन पाणी घेतल्याने बळ वाढते, पण तेच डोक्यावर घेतल्यास केसांचे आणि डोळ्यांचे बळ घटते. डोक्यासाठी कोमट पाणी वापरा. त्यावरच विसंबून न राहता हिमोग्लोबिन आणि थायरॉईड या दोन तपासण्या मात्र करून घ्या, कारण थकवा आणि केसगळती एकत्र असताना या वयात त्या टाळणे योग्य नाही.

अभ्यंग अवश्य ठेवावा. आपल्याकडे तो नरकचतुर्दशीपुरता उरला आहे, याची मला खंत वाटते. पण सर्वांगाला रोज वेळ मिळत नसेल तर ‘अष्टांगहृदया’ने सवलत दिली आहे : डोके, कान आणि पाय यांना विशेषत्वाने तेल लावावे. रात्री निजताना तळपायांना दहा मिनिटे तेल चोळण्याने झोपेलाही मदत होते, असा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. फक्त तेलकट पायांनी फरशीवर चालू नका. आश्विनातल्या उन्हात तीळतेल उष्ण पडत असल्यास खोबरेल घ्या. कफ दाटला असेल किंवा अपचन झाले असेल, त्या दिवशी अभ्यंग नको, असेही तिथेच सांगितले आहे.

गुळण्यांना वीस मिनिटांचे बंधन कुठून आले, कोण जाणे! गंडूषात, म्हणजे तोंडात तेल धरण्याच्या आयुर्वेदातील विधीत, तेल खळखळवायचे नसते, तोंडात नुसते धरायचे असते, आणि तोंड कफाने भरेपर्यंत किंवा नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत धरावे, हीच त्याची मर्यादा होय. ते थुंकून टाकावे, गिळू नये. दात घासणे त्याने सुटत नाही.

राहिला मध. तो उष्ण करणे आयुर्वेदाचार्य चरकाने निषिद्ध मानले आहे. घ्यायचाच तर पाणी निवल्यावर घाला.