पंच्याहत्तर प्रश्न आणि एक 'नो क्रॉस'

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचकांचे पत्र आले आहे. साखर कारखान्यात वायरमन, वय 38. मोटारसायकलला टेम्पोची धडक बसली, डोक्याला मार लागला, नऊ दिवस दवाखान्यात होते. तेव्हापासून विसरायला होते, चिडचिड वाढली आहे, शिडीवर चढले की पाय लटपटतात. अपघात भरपाईचा क्लेम मोटार अपघात न्यायाधिकरणात, म्हणजे ट्रायब्युनलपुढे, दाखल आहे. मधेच विमा कंपनीच्या माणसाचा फोन आला, "छोटीशी तपासणी आहे, येऊन जा." हे गेले. एका खासगी मानसतज्ज्ञ बाईंकडे 75 प्रश्नांची 'बरोबर की चूक' अशी यादी भरून दिली आणि सही करून घरी आले. अहवालात गुण 21 आणि शेरा असा : 'लक्षणे बनावटपणे वा वाढवून सांगितली जात असण्याची दाट शक्यता'. आता कंपनी लोकअदालतीत तडजोडीला बोलावते आहे. वाचक विचारतात, "या अहवालाने माझी केस संपली का?"

अशी पत्रे माझ्याकडे बरीच येतात. गावाचे नाव आणि गुणांचा आकडा तेवढा बदलतो.

तुमची केस अहवालाने संपत नाही. ती संपू शकते तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलेल्या एका ओळीने : "मागे एका तारखेला त्या मॅडमची साक्ष होती, आमचे वकील दुसऱ्या कोर्टात होते, म्हणून नो क्रॉस झाले." म्हणजे तुमच्या बाजूने बाईंची उलटतपासणी झालीच नाही. अहो, हीच तर केस आहे! आणि त्यानंतर दोन तारखा होऊन गेल्या, तुम्ही काहीच केले नाही.

तज्ज्ञाचे मत हे नुसते मत असते. जुन्या पुरावा कायद्याचे कलम 45 घ्या किंवा नव्या साक्ष्य अधिनियमाचे 39, कोर्टाला ते मत विचारात घेता येते, पण ते कोर्टावर बंधनकारक नसते. अहवालाला निशाणी क्रमांक, म्हणजे कोर्टाच्या पुराव्यातला नंबर, पडला म्हणून त्यातला मजकूर सिद्ध झाला असेही होत नाही. मात्र तज्ज्ञ पिंजऱ्यात उभी राहिली, सरतपासणीचे (म्हणजे आपल्या बाजूच्या साक्षीचे) शपथपत्र दिले, आणि तुमच्या बाजूने एकही प्रश्न विचारला गेला नाही, तर ते मत निर्विवाद राहते. कंपनीचे वकील युक्तिवादात एवढेच म्हणतील की साक्षीला आव्हानच दिलेले नाही. पुढे अपिलात उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे गेलात तरी तेच वाक्य तुमच्या आधी तिथे पोचलेले असेल.

म्हणून आधी रोजनाम्याची, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झाले याच्या कोर्टाच्या नोंदीची, नक्कल काढा आणि प्रकरण आज कोणत्या टप्प्यावर आहे ते बघा. युक्तिवाद व्हायचा असेल तर 'नो क्रॉस'चा आदेश रद्द करून साक्षीदाराला उलटतपासणीसाठी परत बोलावण्याचा अर्ज पुढच्या तारखेची वाट न बघता द्या. प्रकरण निकालासाठी ठेवले असेल तर काम अवघड आहे, तरीही अर्ज द्या. वकील त्या दिवशी कोणत्या कोर्टात, कोणत्या प्रकरणात होते हे अर्जात लिहा आणि तिथल्या रोजनाम्याची नक्कल जोडा. 'अपरिहार्य कारणास्तव' असे मोघम लिहू नका. ते वाचून न्यायाधीशांचे कान किटले आहेत. कॉस्ट, म्हणजे समोरच्याला द्यायचा खर्च, बसेल. ती कुरकुर न करता भरा आणि पावती जोडा.

त्याच अर्जासोबत दुसरा अर्ज हवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 169 खाली ट्रायब्युनलला साक्षीदार हजर करवण्याचे आणि कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्याखाली तुम्ही भरलेली मूळ प्रश्नावली, गुण मोजल्याचा कागद, मुलाखतीची टिपणे आणि कंपनीने त्या बाईंना पाठवलेले पत्र मागा. तुमच्याकडे आज फक्त दोन पानी निष्कर्ष आहे. तुम्ही नेमक्या कोणत्या वाक्यापुढे 'बरोबर' लिहिले ते तुम्हालाच आठवत नाही, आणि सही करताना प्रत मागायचे तुम्हाला सुचले नाही. मूळ कागदाशिवाय उलटतपासणी म्हणजे अंधारात दगड मारणे.

आता प्रश्नावलीबद्दल. अहवालात नाव आहे 'सिम्स', म्हणजे स्ट्रक्चर्ड इन्व्हेंटरी ऑफ मॅलिंगर्ड सिम्प्टमॅटॉलॉजी. पंधरा-पंधरा वाक्यांचे पाच गट : भ्रम-भास, मेंदूच्या तक्रारी, विस्मरण, बुद्धीची कमतरता आणि मनःस्थिती. खऱ्या रुग्णात सहसा न आढळणारी, विचित्र किंवा टोकाची लक्षणे त्यात पेरलेली असतात. जो माणूस समोर येईल त्याला 'हो' म्हणत जातो, त्याचे गुण चढतात. एकूण गुण 14 च्या वर गेले की संशय घ्यायचा. मात्र ही चाळणी आहे आणि पुढे सविस्तर तपासणी करायची की नाही एवढे ठरवण्यासाठी ती बनवलेली आहे. थर्मामीटर ताप दाखवतो, मलेरिया की टायफॉइड ते सांगत नाही. तुमच्या बाबतीत चाळणीवरच थांबून निदान लिहून टाकले आहे. शिवाय ज्याला खरेच गंभीर नैराश्य आहे किंवा मेंदूला इजा आहे, तोही काही गटांत गुण घेऊन जातो. एकूण 21 पैकी किती गुण कोणत्या गटातले, हे अहवालात नाही. ते पहिले विचारा. बहुतेक गुण मनःस्थिती आणि विस्मरण या गटांतले निघाले तर निष्कर्षाचा पाया ढिला होतो.

दुसरा प्रश्न भाषेचा. तुम्ही लिहिता की छापील प्रश्न इंग्रजीत होते आणि तिथली मदतनीस मुलगी मराठीत सांगत गेली. मग 14 ची रेघ ज्या प्रश्नावलीसाठी आखली ती तुम्हाला दिली गेलीच नाही, त्या मुलीला जमेल तशी दुसरीच दिली गेली. मराठी आवृत्ती प्रमाणित केलेली होती का, मदतनीस कोण, तिचे नाव अहवालात का नाही, हे एकेक करून विचारायचे. उत्तर काहीही आले तरी रेकॉर्डवर जायला हवे.

तिसरा प्रश्न : दुसरी कोणती चाचणी केली? विस्मरणाचे ढोंग तपासायला 'टॉम' नावाची चाचणी वापरतात. आधी 50 चित्रे दाखवतात, मग दोन-दोन चित्रे समोर ठेवून आधी पाहिलेले कोणते ते विचारतात. खरोखर विसरणारे लोकही यात सहसा चांगले गुण मिळवतात, म्हणून दुसऱ्या फेरीत 45 च्या खाली गेल्यास शंका घेतात. डोळे मिटून उत्तरे दिली तरी निम्मी, म्हणजे साधारण 25 बरोबर यावीत. कोणी त्याहून बरेच खाली गेला तर त्याला बरोबर उत्तर माहीत होते आणि त्याने मुद्दाम चुकीचे निवडले, असे म्हणायला आधार मिळतो. असा आधार तुमच्या अहवालात नाही. 567 विधानांच्या एमएमपीआय-2 या व्यक्तिमत्त्व चाचणीमध्येही उत्तरे कितपत विश्वासार्ह आहेत हे तपासणाऱ्या वेगळ्या पट्ट्या असतात. तीही घेतलेली नाही.

चौथा मुद्दा पात्रतेचा. चिकित्सा मानसतज्ज्ञांची नोंदणी जिथे होते त्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या 1992 च्या कायद्यात, कलम 13 मध्ये, नोंदणी नसलेल्या व्यक्तीला दिव्यांगत्वाच्या विषयावर तज्ज्ञ म्हणून साक्ष देण्यास मज्जाव आहे. बाईंचा परिषदेचा नोंदणी क्रमांक अहवालावर दिसत नाही. नोंदणी असेलही, पण विचारायला काय जाते? मात्र याच एका मुद्द्यावर सगळा भार टाकू नका. ट्रायब्युनलचे काम संक्षिप्त पद्धतीचे, ते तांत्रिक आक्षेप किती मनावर घेतील हे मी इथून सांगू शकत नाही.

आणि समजा लक्षणे थोडी वाढवून सांगितली गेली, तरी खालची इजा खोटी ठरत नाही. दाखल करताना केसपेपरवर ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे रुग्ण किती शुद्धीत आहे याचा आकडा, 15 पैकी 10 नोंदवला आहे आणि सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव आहे, असे तुम्हीच लिहिता. बेशुद्धीकडे झुकलेल्या माणसाने तो आकडा ठरवून मिळवलेला नसतो. हे कागद ज्या डॉक्टरांनी लिहिले त्यांची साक्ष अजून झालेली नाही, हे वाचून मी कपाळाला हात लावला. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले आहे की अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईची क्षमता किती गेली हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लक्ष न टिकणारा कारकून कसाबसा नोकरी रेटतो. लक्ष न टिकणाऱ्या वायरमनला पॅनेलजवळ कोणता सुपरवायझर उभा करेल? फोरमनची साक्ष घ्या.

त्याच निकालानुसार वैद्यकीय पुराव्याबद्दल समाधान नसेल तर ट्रायब्युनल मेडिकल बोर्डाकडे पाठवू शकते. तसा पर्यायी अर्ज देता येईल, पण बोर्डाचे मत तुमच्या विरोधातही जाऊ शकते हे धरून चाला. सरकारी पद्धतीत मानसिक आजारासाठी 'आयडियाज' मोजपट्टी वापरतात : स्वतःची काळजी, लोकांशी वागणे, संवाद व समज, आणि काम. प्रत्येकाला 0 ते 4 गुण, शिवाय आजाराच्या कालावधीचे गुण. बेरीज 7 झाली की 40 टक्के. ही माहिती घरच्यांना विचारून आणि उपचारांचे कागद बघूनही घेतात. आणि तिथेच तुमची पंचाईत आहे, कारण दीड वर्ष तुम्ही 'लोक वेडा म्हणतील' म्हणून मानसोपचारतज्ज्ञाची पायरीच चढला नाहीत. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत याच आठवड्यात केसपेपर काढा. मागचे भरून निघणार नाही, पण कंपनी ती रिकामी जागा दाखवेल तेव्हा निदान पुढचे कागद हातात असतील.

भरपाई किती मिळेल, हे विचारू नका. पगारपत्रक न बघता आकडा सांगणाऱ्या वकिलापासून लांब राहा.

लोकअदालतीला हरकत नाही, फक्त उलटतपासणीच्या आधी तडजोडीच्या पुरशीसवर, म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर, सही करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 21 प्रमाणे तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. साक्ष निर्विवाद असताना कंपनी जो आकडा सांगते आणि बाईंना वरचे चार प्रश्न विचारून झाल्यावर जो सांगते, त्यात फरक पडतो, असा माझा अनुभव आहे.

एक शेवटचे. काही उत्तरे तुम्ही खरोखरच फुगवून दिली असतील, कोणी 'सगळ्याला हो म्हण' असे शिकवले असेल, तर ते अर्ज लिहिण्याआधी तुमच्या वकिलांना सांगा. त्यांना सांगितलेले गोपनीय राहते. तुमचीही उलटतपासणी परत होऊ शकते, आणि ते पहिल्यांदा तिथे बाहेर आले तर सीटी स्कॅनवरचाही विश्वास उडेल.