गाडी ओढत नाही? आधी फिल्टरचा डबा उघडा

दिवाळीपासून आलेल्या पत्रांत एकच रड जास्त आहे: घरची मोठी गाडी, आठ माणसं बसली की दम टाकते. एकेकाचं घेतो.

प्रश्न (पांढरकवडा): मिस्त्रीभाऊ, २०१६ ची सात सीटची डिझेल गाडी आहे. कापूस सुरू झाल्यापासून पिकअप गेला. ॲक्सिलरेटर दाबला की मागून काळा धूर निघते. गॅरेजवाला म्हणते टर्बो गेला, बदला. काय करू?

टर्बोचे, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचे, पैसे आजच देऊ नका. काळा धूर म्हणजे डिझेल मिळतं आहे, पण ते जाळायला हवा पुरत नाही. हवा कुठे अडली ते आधी शोधायचं. तुम्ही स्वतःच पत्रात उत्तर लिहिलं आहे: कापूस सुरू झाल्यापासून. बोनेट उघडा, एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा सोडा आणि फिल्टर उन्हात धरून बघा. जिनिंगकडे रोज फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या फिल्टरवर रुईचा थर बसतो, त्यावर काळ्या मातीचा फुफाटा, आणि घड्या एकमेकींना चिकटून पापडासारख्या होतात. असा फिल्टर झटकून परत लावू नका, नवा घाला. कॉम्प्रेसरची जोराची हवा मारली तर कागदाला बारीक भोकं पडतात, मग धूळ सरळ टर्बोच्या पात्यांवर. आणि ‘फिल्टर काढूनच चालवून बघू’ हा प्रयोग तर करूच नका.

फिल्टर चांगला निघाला तर टर्बोपासून इंटरकूलरकडे (दाबून तापलेली हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनकडे जाणारे जाड रबरी पाइप बघा. दुसऱ्याला रेस द्यायला सांगा. कुठे फुस्स आवाज येतो का, क्लिपेपाशी तेलकट ओल आणि धूळ जमली आहे का? पाइपाला बोटभर चीर असली तरी टर्बोने दाबलेली हवा तिथूनच पळते आणि धूर काळाच दिसतो. टर्बो तपासायचाच तर इंजिन थंड आणि बंद असताना, हवा आत घेणारा पाइप काढून, मधला दांडा बोटाने हलवा. आडवा किंचित हलला तर चालतं. आत-बाहेर खेळत असेल किंवा पाती कडेला घासल्याच्या खुणा असतील, तर गॅरेजवाला खरं बोलतो आहे.

हे एवढं ठासून सांगतो, कारण मी स्वतः फसलो आहे. एका गिऱ्हाईकाची गाडी गोठ्याशेजारी महिनाभर उभी होती. मी दिवसभर डिझेलची लाइन तपासत बसलो. संध्याकाळी डबा उघडला तर आत उंदराचं घरटं: कापूस, सुतळी आणि तुरीच्या शेंगा. त्या दिवसाची मजुरी घ्यायची मला लाज वाटली.

प्रश्न (वणी): पंपावर गर्दी असते म्हणून ट्रॅक्टरसाठी ड्रमात ठेवलेलं डिझेल गाडीत टाकतो. आता चढावर गाडी झटके देते, कधी बंदही पडते. धूर काही नाही.

धूर नाही आणि झटके आहेत, तर भूक हवेची नाही, डिझेलची आहे. अर्धा रिकामा ड्रम पावसाळ्यात ठेवला की आतल्या पत्र्याला घाम सुटतो, आणि ते पाणी तळाशी बसतं. डिझेल फिल्टरच्या खालचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत पाव लिटर काढा आणि दहा मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ते पाणी. फिल्टर बदला, टाकी साफ करून घ्या, आणि डिझेल फिल्टरजवळच्या छोट्या हातपंपाने लाइनमधली हवा काढल्याशिवाय स्टार्टर मारत बसू नका. कॉमन रेलच्या, म्हणजे जास्त दाबाने डिझेल देणाऱ्या यंत्रणेच्या, पंपाला आणि डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरला डिझेलचंच वंगण असतं. पाणी गेलं की ते घासतात, आणि त्यांचा खर्च फिल्टरच्या कितीतरी पट. ड्रमातलं डिझेल ट्रॅक्टरलाही गाळूनच घाला.

प्रश्न (दारव्हा): इंजिन आवाज करते, आरपीएमचा काटा ३००० वर जाते, पण गाडी पुढे सरकत नाही. सोयाबीनची पोती भरली की जास्त.

क्लच प्लेट घसरते आहे. मोकळ्या सपाट जागी हँडब्रेक ओढा, ब्रेकवर पाय दाबून धरा, तिसरा गिअर टाका, थोडी रेस देऊन क्लच हळू सोडा. इंजिन गचका खाऊन बंद पडलं तर क्लच ठीक. चालूच राहिलं तर प्लेट संपली. एकदाच बघा, पुन्हा पुन्हा केलं तर उरलेलीही जळेल. आणि गाडी चालवताना डावा पाय क्लचवर टेकवून ठेवता का, ते घरच्यांना विचारा. आपल्याला स्वतःला ते कळत नाही.

प्रश्न (आर्वी): बीएस-६ डिझेल आहे. शाळा, बाजार, शेत, एवढंच फिरणं. पिवळा दिवा लागला आणि गाडी जोर धरत नाही. एकाने सांगितलं, सायलेन्सरमधली जाळी काढून टाका.

जाळी, म्हणजे डीपीएफ, काढू नका. ते बेकायदेशीर आहे, आणि कॉम्प्युटरला फसवायला पुन्हा वेगळा खर्च. दोष तुमच्या फेऱ्यांच्या लांबीत आहे. जाळीत जमलेली काजळी जळायला सायलेन्सर सलग तापावा लागतो. चार किलोमीटर जाऊन बंद केलेल्या गाडीत ते होतच नाही. फक्त डीपीएफचा दिवा असेल तर समृद्धीवर किंवा नागपूर रोडला अर्धा तास, आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) २००० च्या वर ठेवून, न थांबता चालवा. दिवा लुकलुकत असेल किंवा जोडीला इंजिनचाही लागला असेल तर रस्त्यावर प्रयोग नको, वर्कशॉपला स्कॅनर लावून काजळी जाळून घ्या. इंजिन ऑइलची काडीही बघा. पातळी वाढलेली दिसली तर अर्धवट जळणीतलं डिझेल तेलात उतरलं आहे. तेल बदला.

प्रश्न (चंद्रपूर जिल्हा): मे महिन्यात दुपारी एसी लावला की गाडी मंद होते. बिघाड आहे का?

बहुतेक नाही. २० अंशांपेक्षा ४५ अंशांची हवा साधारण ८ टक्के विरळ असते, वर एसीचा भार. रेडिएटर आणि इंटरकूलरच्या जाळीत अडकलेला चिखल आणि किडे हलक्या दाबाच्या पाण्याने धुवा. तरी मंद वाटली तर २० किलोमीटर चालवून चारही चाकांजवळ, न टेकवता, हात धरा. एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरून बसला आहे. एसी निर्दोष.