सतार वाजवताना डावा पाय बधिर होतो. सवय करावी की खुर्ची घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की वय ४३, आठ महिने झाले सतार शिकताय, वीसेक मिनिटांत डाव्या पायाला मुंग्या येतात, मग पाय बधिर होतो, उजवा खांदा भरून येतो आणि क्लासमधले म्हणतात, 'होईल सवय.' खुर्चीवर बसून वाजवलं तर चालेल का, हा तुमचा प्रश्न. खुर्चीचं शेवटी सांगते. आधी त्या 'होईल सवय'चं बघू, कारण हे मी १९८९ पासून ऐकतेय आणि मला अजून सवय झालेली नाही.

मी सांगलीची. आमच्या घरी एक सतार आणि शिकणाऱ्या दोघी, मी आणि माझ्याहून चार वर्षांनी मोठी ताई. आप्पांनी दोन पगार बाजूला टाकून ती मिरजेहून आणलेली. आणायला गेले तेव्हा बरोबर ताईला नेलं, मी लहान म्हणून घरी. ताई आप्पांवर गेलेली, साडेपाच फुटांच्या वर. मी पाच फुटांना अर्धा इंच कमी, आजही तेवढीच.

शिकवणीला शहाबादी फरशी, वर एक विटलेली सतरंजी. आमचे सर माणूस चांगले, हात तर फारच गोड, पण बसण्याच्या बाबतीत लष्करी. डावा पाय दुमडून खाली, उजवा त्यावर, सतारीचा भोपळा डाव्या तळपायावर, आणि एकदा बसलं की तास-दीड तास हलायचं नाही. पाय हलवला की सर वाजवणं थांबवून नुसते बघायचे. त्यापेक्षा पाय मेलेला बरा, असं वाटायचं. मेलाच शेवटी.

त्या वर्षीची गुरुपौर्णिमा. सरांच्या माडीवर चाळीसेक माणसं. मी यमन वाजवला, बरा वाजवला. नंतर ताईची पाळी, सतार तीच, म्हणून मी ती उचलून तिच्या हातात द्यायला उठले. डावं पाऊल जागेवर नव्हतंच. म्हणजे होतं, पण टेकवलं तर घोट्यातून दुमडलं आणि मी सतारीसकट पेटीच्या कोपऱ्यावर गेले. भोपळा फुटल्याचा आवाज फार छोटा होता, नारळाला तडा जावा तसा. पण तरफा, म्हणजे पडद्यांखालच्या आपोआप घुमणाऱ्या तारा, कितीतरी वेळ घुमत राहिल्या. चाळीस माणसं गप्प आणि त्या तेवढ्या यमनात वाजतायत.

सर म्हणाले, "वाद्य आधी सांभाळायचं असतं." ताई म्हणाली, "हिचं लक्ष नसतं." माझ्या पायाचं कुणी विचारलं नाही. मीही नाही. सगळ्यांसारखी मीही भोपळाच बघत होते.

दुसऱ्या दिवशी पाऊल वर उचलेना. चालताना फटक फटक आवाज यायचा, डाव्या पायातली चप्पल दर दहा पावलांवर मागे राहायची. मिरजेला दवाखान्यांची कमी नाही. तिथल्या एका डॉक्टरांनी गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, बोट ठेवलं. तिथे हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो, तुम्हीही चाचपून बघा. त्याला वळसा घालून एक नस अगदी कातडीखालून जाते, पाऊल वर उचलायचं काम तिचं. खालून फरशी, वरून दुसरा पाय, त्यात दीड तास. नस दबली. सव्वादोन महिन्यांनी पाय पूर्ण ठीक झाला. माझं नशीब. वेळेत लक्ष दिलं नाही तर ही गोष्ट रेंगाळू शकते. तेव्हा मुंग्या आल्या की पाय मोकळा करायचा, राग कोणता चालू आहे हे बघायचं नाही.

भोपळा दुरुस्त करायला मी, ताई आणि आप्पा गोधडीत गुंडाळलेली सतार घेऊन सिटी बसने मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेलो. तिथले एक म्हातारे चाचा. त्यांनी तडा बघितला, आतून कापड आणि सरस लावून देतो म्हणाले, आणि मग विचारलं, "पडली कशी?" मी सांगितलं. ते म्हणाले, "दुसरी एक देतो, बसून दाखव की."

दुकानातली तेवढीच मोठी सतार घेऊन बसले. चाचा म्हणाले, "डावा हात सोड." सोडला. दांडी धाडकन खाली आली, त्यांनी मधेच झेलली. मग ताईला बसवलं. तिने हात सोडला तर सतार जिथल्या तिथे. चाचा आप्पांना म्हणाले, "पोरीची चूक न्हाई. भोपळा मोठा हाय तिला. घेताना हिला आनलंच न्हवतं तुमी."

हे वाक्य ताईने ऐकलेलं आहे. माझ्याशेजारी बसून ऐकलेलं आहे. तरी आजतागायत तिचं म्हणणं एकच, मला बसायची शिस्त नव्हती. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा ती बातमी तिने मला पाठवली, खाली लिहिलं, 'आणि तू म्हणायचीस सतारीत दोष होता.' मी असं कधीच म्हटलं नव्हतं. सतार उत्तमच होती. ती माझी नव्हती, एवढंच.

हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. शेतात वेलीवर वाढतात, तुमच्या मांडीचं माप घेऊन वाढत नाहीत. ज्याचा भोपळा मोठा आणि अंग लहान, त्याचा उजवा हात भोपळ्यावरून जाताना खांदा कानाकडे चढतो. तुमच्या खांद्याचं दुखणं तेच असावं, असा माझा अंदाज. तंबोऱ्यात मर्दानी आणि जनानी अशी दोन मापं आहेत, त्यावर कुणी शिस्तीचं भाषण देत नाही. (तिथे कारण सुराचं आहे, हे मान्य. पण माप बदललं की वाद्य बाटत नाही, हे तर कळलं ना?)

तेव्हा चाचांची परीक्षा तुम्ही आजच करा. नेहमीसारखं बसा, उजवा हात भोपळ्यावर, डावा हात सोडा. दांडी घसरली तर तुमचा डावा हात स्वर लावायच्या आधी हमाली करतोय, आणि अशा हाताने मींड, म्हणजे तार ओढून एका स्वरावरून दुसऱ्यावर जाणं, कधी सुरात येणार नाही. भोपळ्याखाली आणि उजव्या मांडीवर रबरी जाळीची मॅट टाका, कपाटाच्या फळीवर अंथरतात ती. छोटा तुकडा पुरतो. बुडाखाली घोंगडी घट्ट घडी करून घ्या, कंबर गुडघ्यांपेक्षा वर आली की पाठ आपोआप सरळ होते आणि खालच्या पायावरचा भार कमी होतो. उशी नको, ती दबते. दांडीवरचे पडदे बघायला पुढे वाकू नका. सगळे वाकतात, मीही वाकायचे, मान त्यानेच जाते. मींड मनगटाने ओढू नका, कोपरापासून हात येऊ दे. तार छेडायची नखी बोटाचं टोक निळं पडेल इतकी घट्ट नको. डाव्या हाताच्या बोटांना लावायची खोबरेल तेलाची डबी जवळ असतेच तुमच्या, ते सांगत नाही.

आणि वीस मिनिटांनी उठा. खरंच उठा, जाऊन पाणी पिऊन या. चार तास एका बैठकीत रियाज केल्याच्या कथा मीही ऐकल्यात. त्या सांगणाऱ्यांचे गुडघे आता कसे आहेत, ते कुणी सांगत नाही. ताईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. ती म्हणते सतारीमुळे नव्हे, आणि हे तिचं बरोबरही असेल, आमच्या आईचेही गुडघे गेले होते. पण गेली सहा वर्षं तिची सतार गवसणीत कपाटावर आहे. माझी रोज खाली उतरते.

ही माझी मी २००६ साली घेतली, त्याच गल्लीत, बसून, हात सोडून, तीन भोपळे नाकारून. घेर चार बोटं कमी. खर्जाला, म्हणजे खालच्या स्वरांना, गाज थोडी कमी आहे, हेही खरं. ताईला ती बारीक वाटते. वाटू दे. रविशंकरांनीही उतारवयात आटोपशीर सतार जवळ केली होती, त्यांना कुणी शिस्त शिकवायला गेलं नाही.

दोन गोष्टी राहिल्या. मी डॉक्टर नाही. तुम्हाला मधुमेह असेल, किंवा उठल्यावर पाच-दहा मिनिटांतही पाय ताळ्यावर येत नसेल, तर हे सगळं सोडून आधी दाखवून या. दुसरं, आठच महिने झालेत तर लगेच नवी सतार घेऊ नका, आधी घोंगडी आणि मॅट महिनाभर करून बघा. तुमची उंची तुम्ही लिहिलेली नाही, कदाचित माझा भोपळ्याचा सिद्धांत तुम्हाला लागूच नसेल.

खुर्ची. चालते. सुरुवातीला दांडीचा कोन बदलतो, आठवडाभर सगळे पडदे परके वाटतात, मग बसतं. सतारीसाठी स्टँड मिळतो, तो घेतलात तर मांडीवर भार येत नाही. खुर्ची मात्र हात नसलेली बघा, भोपळा अडकतो.