सविस्तर उत्तर किती लिहू, चार ओळी की चार पानं?

पानं मोजू नकोस, गुण मोज. दहावीचा इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर 40 गुणांचा, वेळ दोन तास. म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. तीन गुणांच्या सविस्तर उत्तराला नऊ. मी तर आठच धर म्हणतो, वाचनाला वेळ उरतो.

तीन गुणांना तीन ठळक मुद्दे, प्रत्येकाला दोन-तीन वाक्यं. साधारण पाऊण ते एक पान, अक्षर मोठं असेल तर जरा जास्त.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:
- प्रश्न पुन्हा उतरवून प्रस्तावना लांबवणं.
- एकच मुद्दा शब्द फिरवून तीनदा लिहिणं. वृत्तपत्रांवर प्रश्न आला, तर ‘वृत्तपत्रे फार महत्त्वाची’ हे घोळवू नकोस. 1780 चं ‘बेंगॉल गॅझेट’, 1832 चं बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’, 1881 चा ‘केसरी’ लिही. झाले की तीन मुद्दे!
- आवडत्या प्रश्नावर पानं भरून शेवटचा प्रश्न सोडणं. (मीही केलंय. तीन गुण सरळ गेले.)

मैत्रिणीने पुरवणी मागितली म्हणून घाबरू नकोस, पुरवण्यांना गुण नसतात.

आकृत्या, अधोरेखन वगैरे नंतर बघू. आज घड्याळ लावून एकच उत्तर लिही.